बिनफोडणीचं आंबट

ज्या घरात धड उलटी करायची सोय नव्हती, त्याच घरात अनुपमाला दिवस गेले होते. बाथरूम एकच, तेही हॉलला लागून, आणि हॉलमधल्या सोफ्यावर नवरा सकाळपासून ठाण मांडून बसलेला. नळ सोडला की गुणवंत बाहेरून ओरडायचा, "अनू, पाणी किती वाहवतेस?" नळ बंद केला की ओकारीचा आवाज घरभर. वय चाळिशीला टेकलेलं, मुलगी अवनी सहावीत, आणि अशा वेळी लपवायची गोष्ट तरी कुठली, तर जी चार दिवसांनी पोट पुढे काढून स्वतःच बोलायला लागते ती.

दोन हजार नऊचा उन्हाळा होता, आखातातला, मंदीचा. गुणवंत जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत प्लॅनिंग इंजिनियर होता. होता म्हणायचं, कारण कंपनीने त्याला काढलंही नव्हतं आणि ठेवलंही नव्हतं. 'लाँग लीव्ह'वर पाठवून दिलं होतं, बिनपगारी. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. विचारायला गेलं की व्हिसाची कामं बघणारा पी.आर.ओ. चहा पाजायचा आणि म्हणायचा, "इन्शाल्ला, नेक्स्ट वीक." तो नेक्स्ट वीक फेब्रुवारीपासून येत होता. दुसरी नोकरी धरावी तर ही कंपनी सोडत नाही, देशात परत जावं तर पासपोर्ट नाही. तोवर तिघं इंटरनॅशनल सिटी नावाच्या स्वस्त वसाहतीतल्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये येऊन पडली होती. बेडरूम भाड्याने दिलेली, आपण हॉलमध्ये. एका घरात दोन बिऱ्हाडं म्हणजे नियमात न बसणारी गोष्ट, त्यामुळे दार वाजलं की आधी सगळ्यांचा श्वास अडकायचा. खिडक्या उघडायच्या नाहीत, बाहेर ऊन आणि संध्याकाळी गटाराचा वास. एसीच्या घरघरीत माणसं एकमेकांच्या अंगावर राहत होती.

आता एवढी आनंदाची बातमी लपवायची का, असं कोणी विचारेल. अवनीनंतर अनुपमाला दोनदा राहिलं होतं आणि दोन्ही वेळा गेलं होतं. तिने आशाच सोडली होती. आणि मग मार्चमध्ये एका दुपारी, मटकीची उसळ खाता खाता, गुणवंत सहज बोलून गेला, "सतीशची बायको शहाणी निघाली. पुण्याला गेली, मोकळी होऊन आली. ह्या दिवसांत पोर म्हणजे वेडेपणा आहे." सतीश त्याच्याच ऑफिसातला. उसळ वाढणारा अनुपमाचा हात तसाच राहिला, कारण त्याच दिवशी सकाळी तिची खात्री पटली होती.

गुणवंत वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं, ती भांडली असती. हा चांगला माणूस होता आणि चांगुलपणानेच त्याने तिला विमानात बसवलं असतं, डोळे पुसत, समजावत, 'आपल्या अवनीसाठी' म्हणत. इथे तसलं काही करणं गुन्हा, पण पुणे तीन तासांवर. त्याचा पासपोर्ट अडकलेला होता, हिचा कपाटात होता. म्हणून अनुपमाने मनाशी ठरवलं, पाच महिने उलटेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. त्यानंतर कुठला डॉक्टर हात लावत नाही. मग काय रडायचं ते सगळ्यांनी मिळून रडू.

बेडरूममध्ये मेरिसेल राहायची. तिशीच्या आतली फिलिपिनो मुलगी, ड्रॅगन मार्टमध्ये दिव्यांच्या दुकानात सेल्सला. तिची ड्यूटी दुपारनंतर सुरू व्हायची, त्यामुळे सकाळी उशिरा ती स्वयंपाक करायची. ती राहायला आली त्याच दिवशी अनुपमाने नियम सांगून टाकले होते. पातेली आपली आपली. मागचा उजवा बर्नर तुझा. पोर्क आणलंस तर तुझ्याच पातेल्यात, आणि गणपतीचा फोटो ज्या बाजूला आहे त्या बाजूला ते पातेलं न्यायचं नाही. मेरिसेल प्रत्येक नियमाला "ओके, मॅम" म्हणाली आणि खरंच पाळत राहिली.

एप्रिलमधल्या एका सकाळी मेरिसेलने त्या बर्नरवर सिनिगांग, त्यांच्याकडचा आंबट रस्सा, चढवलं. पाण्यात डुकराच्या बरगड्या, वर चिरलेला टोमॅटो आणि कांदा. वर येणारा फेस ती घाई न करता चमच्याने काढत उभी होती. मांस शिजत आल्यावर तिने अळकुड्या घातल्या, त्या विरघळून रस्सा दाट होतो म्हणाली. मग मुळ्याच्या चकत्या, वांगं, चवळीच्या लांब शेंगा, अख्खी भेंडी. हिरव्या चिंचा उकडून, कुस्करून त्यांचा कोळ. शेवटी नाळीची भाजी देठांसकट आणि एक न चिरलेली हिरवी मिरची. गॅस बंद. तेल नाही, हळद नाही, फोडणी तर नाहीच. आजाऱ्याचं जेवण, असं म्हणून अनुपमाने मनातल्या मनात नाक मुरडलं, आणि त्याच वेळी तिच्या तोंडाला इतकं पाणी सुटलं की तिला ओट्याला धरून उभं राहावं लागलं. महिनाभर तिच्या पोटात काही टिकत नव्हतं. वरणाचा वास सहन होत नव्हता, फोडणी तडतडली की मळमळायचं. ह्या पातेल्यात मळमळण्यासारखं काही नव्हतंच.

"मॅम, यू वाँट?" मेरिसेलने विचारलं.

"ओन्ली द वॉटर," अनुपमा म्हणाली. पाण्याला कसली आलीय जात?

दुसऱ्या दिवशी पाण्याबरोबर मुळा आला. मुळा शेवटी मुळाच. तिसऱ्या दिवशी भेंडी आणि वांगं. आणि आठवडाभरात एका दुपारी, गुणवंत खाली इमारतीच्या वॉचमनबरोबर, नातूर रफिकबरोबर, चहा प्यायला गेलेला असताना, अनुपमा मेरिसेलच्या पलंगावर मांडी घालून बरगडीचं हाड चोखत बसली होती. चव चांगली होती. हे तिने गणपतीला सांगितलं नाही, पण त्याला न सांगता कळलं असणार.

मेरिसेलने ओळखायला फार वेळ लावला नाही. त्यांच्याकडेही बायकांना असंच होतं म्हणे, कोणाला कच्चा आंबा लागतो, कोणाला चिंच. "बेबी, नो?" ती म्हणाली, आणि अनुपमाला इतके दिवस कोंडलेलं रडू फुटलं. तिने तोडक्यामोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. दोनदा गेलेलं, सतीशची बायको, पुणे, पाच महिने. "सरांना सांगू नकोस." मेरिसेलने बोटाने ओठांवर कुलूप लावून दाखवलं. आणि त्या दिवसापासून ती अनुपमासाठी एक दिवसाआड, मग रोजच सिनिगांग करू लागली. स्वतःला कंटाळा आला असेल तरी बोलली नाही.

बाथरूमला दोन दारं होती, एक हॉलकडे उघडणारं, एक बेडरूममध्ये. मे महिन्यातल्या एका सकाळी अनुपमाला नळ सोडायलाही सवड मिळाली नाही. गुणवंत सोफ्यावरून उठून हॉलकडच्या दारापाशी आला. "कोण ओकतंय? अनू?" आत अनुपमा बेसिन धरून गारठून उभी. तेवढ्यात बेडरूमकडचं दार उघडलं, मेरिसेलने तिचा दंड धरून तिला आपल्या खोलीत ओढलं, आणि स्वतः तोंडावर पाणी मारून हॉलकडच्या दाराने बाहेर आली.

"बॅड श्रिम्प, सर. सॉरी," ती टॉवेलने तोंड पुसत म्हणाली.

अनुपमाला वाटलं, सुटलो. त्यानंतर दोन-तीन वेळा असंच झालं आणि दर वेळी मेरिसेल बाहेर आली. बायको उलट्या करतेय हे ज्याच्या लक्षात आलं नाही, त्या माणसाच्या लक्षात भाडेकरणीच्या उलट्या मात्र नीट आल्या. दिवसभर सोफ्यावर बसलेल्या इंजिनियरला करायला दुसरं काम काय होतं? त्याने दोन आणि दोन जोडले.

"बस इथे," बुधवारी तो अनुपमाला म्हणाला. मेरिसेल आंघोळीला गेली होती. "ही मुलगी पोटुशी आहे."

अनुपमा सोफ्याच्या कडेवर टेकली.

"रोज चिंच, रोज आंबट, वर ओकाऱ्या. मी काय दुधखुळा आहे? अवनीच्या वेळी तू कैरी कशी खायचीस, मी बघितलंय ना."

"त्यांच्यात आंबटच खातात हो. त्यांचं जेवणच तसं."

"अगं, लग्न नाही झालेलं तिचं. इथे जेल आहे ह्याला, सरळ जेल. हॉस्पिटलवाले मॅरेज सर्टिफिकेट मागतात, नसलं की पोलीस. आणि पोलिसांचा पहिला प्रश्न, ही कुणाच्या घरात राहते? आपलं घर हे असं, माझा पासपोर्ट कंपनीकडे. खलास मग." तो घाबरला होता, खरोखर घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस आवाज चढवतो तसा त्याने चढवला होता. "शुक्रवारी खोली खाली कर म्हणावं. बायकांच्या गोष्टी आहेत, तूच सांग. मी रफिकला दुसरं कोणी बघायला सांगितलंय. कारणही सांगितलंय."

"कारण कशाला सांगितलंत?"

"उद्या आपल्यावर नको यायला म्हणून."

अनुपमाने तोंड उघडलं होतं. ती नाही, मी, एवढंच म्हणायचं होतं. पण चौथा महिना आत्ता कुठे लागला होता. आज बोललं तर परवा तिकीट, आणि आठवडाभरात पुण्यातल्या एखाद्या नर्सिंग होमच्या बाकावर हातात फाइल. तिला तो बाक दिसला. ती तोंड मिटून उठली आणि बेडरूममध्ये गेली.

मेरिसेल केस पुसत होती. अनुपमाने सांगायला सुरुवात केली, अडखळली, शेवटी मेरिसेलच्या पोटाकडे हात करून म्हणाली, "सर थिंक्स... यू."

मेरिसेल आधी हसली. खूप हसली, पलंगावर बसली. मग तिच्या लक्षात आलं की समोरची बाई हसत नाहीये. "अँड यू, मॅम? व्हॉट डिड यू टेल सर?"

अनुपमा चादरीचा कोपरा सरळ करत राहिली. मेरिसेल थांबली होती. घाई न करता, फेस काढताना थांबायची तशीच.

"फ्रायडे," अनुपमा म्हणाली.

"ओके, मॅम."

गुरुवारी मेरिसेलने मागच्या उजव्या बर्नरवर नेहमीसारखं पातेलं चढवलं आणि कामावर जाताना एक वाडगा झाकून ठेवून गेली. अनुपमाने तो वाडगा खाल्ला. रडत खाल्ला, पण शेवटच्या थेंबापर्यंत खाल्ला, हेही सांगायला हवं.

आपल्याकडे माफी मागायला जीभ वळत नाही, मग माणूस पानात वाढतो. शुक्रवारी सकाळी अनुपमा पिशवी घेऊन खाली पाकिस्तानी खाटकाकडे गेली आणि बरगडीचं मटण घेऊन आली. गुणवंतने भाव विचारला, दिरहॅमचे रुपये केले, मोठ्याने केले, आणि विचारलं, "आज काय विशेष?"

"ती जाणार आहे. जेवून जाऊ दे."

"बरं," तो म्हणाला. त्यालाही मनातून वाईट वाटतच होतं.

अनुपमाने आपलं पातेलं काढलं, जाड बुडाचं. मटण पाण्यात सोडलं, टोमॅटो आणि कांदा घातला. मेरिसेलची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती आणि ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात हाताची घडी घालून उभी होती. अनुपमाचा हात सवयीने दोनदा हळदीकडे गेला आणि एकदा मोहरीच्या डब्याकडे.

"नो मसाला, मॅम," मेरिसेल म्हणाली. एवढंच. बाकी तिने काही शिकवलं नाही आणि अनुपमाने विचारलं नाही, इतक्या दिवसांत बघून पाठ झालं होतं. फेस काढला. अळकुड्या विरघळल्या. मुळा, वांगं, शेंगा, भेंडी एकेक करून गेले. चिंच कोळताना अनुपमाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि कांदा तर मघाशीच चिरून झाला होता. तिने चमच्याने चव घेतली. अजून चिंच. पुन्हा घेतली. अजून. एरवी देवाला दाखवल्याशिवाय ती चव घेत नसे.

हॉलमध्ये घडीचं टेबल उघडलं आणि चौघं बसली. अवनीने पहिला चमचा घाबरत घेतला. "इट्स नाइस, आई. लाइक रसम, बट विथ मटण." गुणवंतने भाताचं आळं करून रस्सा वाढून घेतला, एक घास खाल्ला, मान हलवली, दुसरा खाल्ला. मेरिसेल खाली मान घालून हळूहळू जेवत होती. तिने भात फारसा घेतला नव्हता.

अनुपमाने पहिला वाडगा संपवला. दुसरा घेतला. तिला थांबायचं होतं, पण महिन्यांचं उपाशी शरीर तिचं ऐकेना. तिसऱ्या वाडग्याला तिने चमचाही बाजूला ठेवला आणि वाडगा तोंडाला लावला.

"अगं, हळू हळू," गुणवंत हसत म्हणाला. "डोहाळे लागल्यासारखी काय..."

वाक्य अर्धंच राहिलं. हसू तोंडावर होतं, पण डोळे पातेल्यावर गेले, मग वाडग्यावर, मग तिच्या सैल गाउनवर. ह्याच आंबटावरून दोन दिवसांपूर्वी त्याने एका मुलीचा निकाल लावला होता, आणि आता तोच हिशोब त्याच्यासमोर त्याच्या बायकोच्या पानात मांडलेला होता.

"अवनी, तू आत जा," तो म्हणाला.

"व्हाय? आय'म ईटिंग."

"ताट घेऊन जा."

अवनी ताट घेऊन बेडरूममध्ये गेली. दार लागल्यावर तो म्हणाला, "अनू?"

"ओकाऱ्या माझ्या होत्या," अनुपमा म्हणाली. "ती माझ्यासाठी खोटं बोलली. माझ्यासाठीच रोज करायची हे."

गुणवंतने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हात काढले तेव्हा तो एकदम म्हातारा दिसला. "किती झाले?"

"पाचवा सरला."

हे खोटं होतं, आणि ते बोलताना तिचा आवाज कापला. गुणवंतला बायकोच्या उलट्या कळल्या नव्हत्या, पण बायको खोटं बोलली की कळायचं, चौदा वर्षं कळत आलं होतं. तो सावकाश मेरिसेलकडे वळला. तिला मराठी कळत नव्हतं, पण काय चाललंय ते कळायला मराठीची गरज नव्हती.

"मेरिसेल, टेल मी द ट्रुथ. हाऊ मेनी मंथ्स?"

मेरिसेलने चमचा खाली ठेवला आणि अनुपमाकडे बघितलं. बुधवारी चादरीचा कोपरा सरळ होत होता तेव्हा बघितलं होतं तसंच बघितलं, तितकाच वेळ. अनुपमाला वाटलं, आता ही खरं बोलणार. बोलावंच तिने. मी तिच्यासाठी काय केलं? तिला बोलायचा पुरता हक्क आहे. अनुपमाने पोटावर हात घट्ट धरला.

"फाइव्ह, सर," मेरिसेल म्हणाली. "ऑलरेडी मोर दॅन फाइव्ह. शी वॉज अफ्रेड ऑफ यू."

कॅलेंडरच्या दिशेने गुणवंतची नजर गेली आणि परत आली. मग त्याने मान हलवली, विश्वास बसलेल्या माणसाची. "बरं," तो कोणालाच उद्देशून नाही असा पुटपुटला. "मग आता काय. आता काय करणार." आणि थोड्या वेळाने मेरिसेलला म्हणाला, "प्लीज, यू स्टे. माय मिस्टेक. आय विल टेल रफिक."

"रफिक ऑलरेडी टोल्ड, सर," मेरिसेल म्हणाली. "इन माय शॉप दे आर लाफिंग. आय फाउंड बेड स्पेस इन सतवा." तिने उठून आपलं ताट आत नेलं, विसळलं, पालथं घातलं. तेवढ्यात तिच्या मोबाइलवर मिस्ड कॉल आला. कारलिफ्टवाला, पैसे घेऊन सोडणारा, गाडी घेऊन खाली उभा होता.

अनुपमा तिच्यामागे लिफ्टपर्यंत गेली. अनवाणीच गेली. बॅगेचं एक चाक मोडकं होतं, ते फरशीवर घासत होतं. लिफ्ट वर यायला वेळ लागत होता.

"मला बोलायचं होतं," अनुपमा इंग्रजीत म्हणाली. "बुधवारीच बोलायचं होतं. मी भ्याले."

"आय नो, मॅम."

"मग तू का सांभाळून घेतलंस? आत्ता, आतमध्ये?"

लिफ्टचं दार उघडलं. मेरिसेलने बॅग आत ढकलली, दार अडवायला एक पाय मध्ये ठेवला आणि पहिल्यांदाच तिचे डोळे भरून आले.

"फॉर द बेबी, मॅम. नॉट फॉर यू."

तिने पाय काढून घेतला. दार मिटलं. अनुपमा तिथेच उभी राहिली. मूल वाचलं होतं. महिनोन्महिने जे मागत होती ते तिला मिळालं होतं, आणि तिला ओरडून रडावंसं वाटत होतं. आतून गुणवंत हाक मारत होता, आवाज मऊ होता, "अनू, आत ये, अशी अनवाणी काय उभी राहिलीस." समोर बंद लिफ्ट होती आणि मागे उघडं दार. ती वळली आणि दारातून आत गेली, कारण दुसरीकडे जायला तिला जागा नव्हती.